घर ओढण्याआधी

घे, फाबिओला, कॉफी गरम आहे तोवर घे.
केनाकची लाँच सुटायला पाऊण तास आहे,
धुकं उतरलं तर त्याहून जास्त.
तेवढ्यात तुला सांगून टाकते
जे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपली शिंपल्यांची कंपनी, चार ठिकाणी सांडलेली:
कास्त्रोत हिशेब, केयोनला उकळण्याच्या टाक्या,
पुएर्तो मोन्तला गोदाम,
आणि केनाक बेटावर पत्र्याची एक खोली,
एक वजनकाटा, एक कॉम्प्युटर.
माणसं म्हणतात ‘काटा’, ‘हिशेब’, ‘गोदाम’.
यंत्रांना नावाचं सोयरसुतक नाही, त्यांना आकडा लागतो,
म्हणून नावाचा आकडा सांगणारा एकेक सर्व्हर
केनाक सोडून सगळीकडे बसवलाय.

मशीनला दोन सर्व्हर द्यायचे:
पहिला जवळचा, दुसरा आपल्याच दुसऱ्या गावचा.
बाहेरचा, साऱ्या जगाचा, फुकटातला, नको म्हणजे नको.
मी लावला होता, पहिल्याच वर्षी.
त्याला विचारलं, केनाकचा काटा कुठे?
तो ‘मला ठाऊक नाही’ म्हणत नाही, पोरी,
तो म्हणतो, ‘असा कुणी नाहीच.’
आणि मशीन बिचारं विश्वास ठेवतं.
तीन टन शिंपले धक्क्यावर पडून राहिले.
वास आठवडाभर.

सर्व्हरनंसुद्धा आधी शेजारच्या सर्व्हरला विचारावं,
मग स्वतःला.
जो फक्त स्वतःलाच विचारत बसतो
त्याला आमच्या धंद्यात बेट म्हणतात.
हसू नकोस. आपण दोघी बेटावरच्याच,
म्हणून तर सांगते:
बेटाला वाटत असतं, सगळं बरोबर चाललंय.

काल रात्री हिशेबाचा सर्व्हर पुएर्तो मोन्तला नेला.
नाव तेच, आकडा नवा.

मी नऊ वर्षांची असताना आमचं घर असंच नेलं होतं,
लेमुईच्या चढावरून खाली, पाण्याजवळ.
खाली ओंडके, पुढे बैलांच्या सहा जोड्या,
दोराला साठेक माणसं,
खिडक्यांना पडदे तसेच.
आईनं चुलीतली राखही काढली नव्हती.
संध्याकाळी सगळ्यांना मटण आणि बटाटे,
आणि नाव तेच: नाउएल्कीनांचं घर.
कुत्रा मात्र, तिझोन,
रात्री चढावर जाऊन झोपला
जिथे घराएवढा चौकोन होता, पिवळ्या मातीचा.
बाबा आणायचे, तो जायचा.
अठरा दिवस.

सांगितलेलं किती वेळ खरं धरायचं
त्याचा एक आकडा असतो, टीटीएल.
आपला चोवीस तासांचा होता,
परवाच मी तो पाच मिनिटांवर आणला.
कुत्र्याला विसरायला शिकवायचं
ते घर ओढण्याआधी,
ओढून झाल्यावर शिकवून काय उपयोग.

कास्त्रो वळलं. आठच्या आत केयोनही.
केनाक नाही.

कारण तिथलं मशीन कुणाला विचारतच नाही.
कास्त्रोचा सर्व्हर एकदा चार दिवस बंद होता,
तेव्हा डॉन बेलार्मिनोनं
‘हिशेब’पुढे आकडा हातानं लिहून ठेवला,
मशीनच्या पोटात, एका छोट्या फाइलीत.
चांगल्या मनानं. शिंपले वाचले.
पुसायचं राहिलं.
काट्याच्या वर चिठ्ठीही चिकटवलीय त्यानं,
तोच आकडा, तिरकं अक्षर,
खाली दोन रेघा.
त्याला जाऊन हे चौथं वर्ष.

ती ओळ तू खोड. एकच ओळ आहे.
चिठ्ठी राहू दे,
यंत्राला चिठ्ठी वाचता येत नाही.

आणि खोडलंस की लगेच
मशीनला विचारायला लाव: हिशेब कुठे?
आपल्याला ठाऊक असलं तरी.

भोंगा झाला बघ.
थर्मासचं झाकण कुठंय?